दुबई तीन तासांवर, मुंबई आठ तासांवर : नशिराबादहून आखातात जायचा-यायचा खरा हिशोब

नशिराबाद (ता. जळगाव) : मोबाईलवर "मुंबई ते दुबई" एवढं टाकलं की उत्तर लगेच येतं. अंतर सुमारे १,९३० किलोमीटर, वेळ तीन तासांच्या आसपास. उत्तर बरोबरच आहे. पण ज्याला नशिराबादहून निघायचंय किंवा नशिराबादला पोचायचंय, त्याच्या कामाचं ते अर्धंच उत्तर आहे.

घरात सगळं ठीक असलं की त्याचं काही वाटत नाही. पोरगा येतो म्हणाला, दोन तास उशिरा आला तरी आई चहा पुन्हा गरम करते. पण घरात कुणी गेलं आणि ओट्यावर बसलेले म्हातारे विचारायला लागले की "दुबईवाला केव्हा पोचंल, थांबायचं का?", तेव्हा हे तीन तास सगळ्यांना चकवतात. कुणी सांगतं, "विमानाने तीन तास, दुपारपर्यंत येतो." दुपार होते, संध्याकाळ होते, आणि पोराचा फोन येतो की तो अजून नाशिकच्या अलीकडं आहे. म्हणून हा हिशोब एकदा शांतपणे समजून घेतलेला बरा.

अंतर किती, आणि ते मोजतात कसं

मोबाईल जे अंतर दाखवतो ते दोन शहरांमधलं सरळ अंतर असतं, म्हणजे पृथ्वीच्या गोलावर दोरी ताणून धरली तर जेवढी भरेल तेवढं. मुंबईहून निघालेलं विमान अरबी समुद्रावरून वायव्येला जातं, ओमानच्या बाजूनं जमिनीवर येतं आणि दुबईला उतरतं. बरीचशी वाट पाण्यावरूनच. पाकिस्ताननं एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली, तेव्हा दिल्ली आणि उत्तरेकडून पश्चिमेला जाणाऱ्या विमानांना मोठा वळसा पडला. मुंबई–दुबई वाट समुद्रावरून असल्यानं तिला तसा फटका बसायचं कारण नव्हतं.

१,९३० किलोमीटर म्हणजे किती, तर मुंबई–कोलकाता अंतराहून थोडं जास्त. विमान वर गेल्यावर ताशी आठशे-साडेआठशे किलोमीटरनं चालतं. त्या वेगानं भागाकार केला तर सव्वादोन-अडीच तासच येतात. पण चढताना आणि उतरताना वेग कमी असतो, शिवाय धावपट्टीवर नंबर लागेपर्यंत उभं राहावं लागतं. तिकिटावरची वेळ ही विमान जागेवरून हलल्यापासून पलीकडं जागेवर लागेपर्यंतची असते. म्हणून तिकिटावर तीन ते साडेतीन तास दिसतात.

जाताना वेळ जास्त आणि येताना कमी, असंही दिसेल. हिवाळ्यात वरच्या थरात पश्चिमेकडून पूर्वेकडं जोराचा वारा वाहतो. जाताना तो समोरून लागतो, येताना पाठीमागून ढकलतो. सायकलवर वाऱ्याच्या उलट जाणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

जुन्या लोकांना आखात लांब वाटायचं ते उगाच नाही. १९८२ पर्यंत मुंबईहून 'द्वारका' नावाची बोट कराची, मस्कत करत आखातातल्या बंदरांना जायची आणि त्या प्रवासाला दिवसच्या दिवस लागायचे. आपल्या जिल्ह्याची केळी आजही बोटीनंच जाते. २०२१ मध्ये रावेर तालुक्यातल्या तांदलवाडीच्या शेतकऱ्यांची २२ टन जीआय मानांकनाची केळी दुबईला रवाना झाली होती. तेरा-चौदा अंशांवर थंड ठेवलेल्या कंटेनरमधून ती पाण्यावरून जाते. केळीला घाई नसते, कच्चीच तोडलेली असते. माणसाचं तसं नाही.

घड्याळातला दीड तास

सगळ्यात जास्त घोळ इथं होतो. तिकिटावर सुटायची वेळ ही सुटायच्या गावची असते आणि पोचायची वेळ पोचायच्या गावची. दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागं आहे. इथं रात्रीचे नऊ वाजले की तिथं साडेसात.

का, तर सूर्य. पृथ्वी चोवीस तासांत पूर्ण फिरते, म्हणजे एका रेखांशाला चार मिनिटं. भारताचं घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी रेखांशावर लावलेलं आहे. आपण त्याच्या सातेक रेखांश पश्चिमेला आहोत, म्हणून जळगावात सूर्य डोक्यावर यायला साधारण साडेबारा वाजतात. बारा वाजता रानात काठी उभी करून सावली पाहिली तर ती अजून थोडी पश्चिमेकडं झुकलेली दिसते. दुबई तर आपल्याहून आणखी वीस रेखांश पश्चिमेला. तिथलं घड्याळ साठ रेखांशावर धरलंय. साडेब्याऐंशी वजा साठ, साडेबावीस. गुणिले चार, नव्वद मिनिटं. झाला दीड तास. तिकडं उन्हाळ्या-हिवाळ्याला घड्याळ पुढंमागं करत नाहीत, त्यामुळं हा फरक बारा महिने तोच राहतो. ओमानचा फरकही एवढाच. सौदी, कुवेत, कतार आणि बहरीन मात्र आपल्या अडीच तास मागं.

आता समजा तिकिटावर असं आहे : मुंबई ०१:३०, दुबई ०३:१०. नुसती वजाबाकी केली तर एक तास चाळीस मिनिटं येतात. घरचे खूश होतात, "दीड-पावणेदोन तासात दुबई!" तसं नाही. जाताना वजाबाकीत दीड तास मिळवायचा : तीन तास दहा मिनिटं.

येताना उलट. दुबई २२:१५, मुंबई ०२:५०. वजाबाकी चार तास पस्तीस मिनिटं. त्यातून दीड तास काढायचा, उरले तीन तास पाच मिनिटं. विमान तेच, वाट तीच. जाताना जो दीड तास फुकट मिळाल्यासारखा वाटला, तोच येताना परत द्यावा लागतो.

"पंधरा तारखेचं विमान" म्हणजे चौदा तारखेला निघायचं

वरच्या तिकिटावर तारीख १५ आहे आणि वेळ ०१:३०. हे विमान पंधरा तारखेच्या रात्रीचं नाही. चौदा तारखेची रात्र उलटून दीड वाजता सुटणारं आहे. आपल्याकडं बोलताना दिवस सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत धरतात. रात्री एक वाजता कुणी विचारलं तर आपण "आजच रात्री" म्हणतो. रेल्वे आणि विमानाचं घड्याळ बारा वाजले की तारीख बदलतं. आखाताकडची बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात, म्हणून ही चूक आपल्या भागातल्या माणसाच्या वाट्याला जास्त येते.

पंधरा तारखेला सकाळी जेवण बांधून, देवाला नारळ फोडून, सगळ्यांच्या पाया पडून माणूस निघतो आणि त्याचं विमान आठ तासांपूर्वीच गेलेलं असतं. पैसे परत मिळतीलच असं नाही. व्हिसाची मुदत संपत आलेली असली तर नोकरीवरही येतं. एजंटानं व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या तिकिटात सगळं लिहिलेलं असतं, पण इंग्रजीत आणि बारीक अक्षरात. म्हणून तिकीट आलं की पहिलं काम : वेळ ००:०० ते ०५:०० मधली असेल तर तिकिटावरच्या तारखेतून एक दिवस वजा करून ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेनानं मोठी लिहायची. परतीच्या तिकिटावर पोचायच्या वेळेपुढं "+१" असं बारीक लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ पोचायचं ते दुसऱ्या तारखेला.

नशिराबाद ते सहार

मुंबई रेल्वेनं जळगावहून ४२० किलोमीटर आहे. चांगली गाडी साडेसहा-सात तासांत नेते, बाकीच्या आठ. रस्त्यानं धुळे–नाशिक मार्गे आठ तास धरावेत, एसटीनं त्याहून जास्त. भिवंडी-ठाण्याच्या कोंडीत सापडलं तर कुणीच काही सांगू शकत नाही.

म्हणून हिशोब मागून पुढं करायचा. विमान रात्री दीडचं. बहुतेक कंपन्यांचं काउंटर परदेशी विमानाला सुटण्याआधी एक ते सव्वा तास बंद होतं. त्यानंतर कितीही विनवण्या केल्या तरी पास मिळत नाही. तीन तास आधी या म्हणतात, ते इमिग्रेशनच्या रांगेमुळं. म्हणजे चौदा तारखेला रात्री साडेदहाला विमानतळाच्या दारात. स्टेशनहून विमानतळाला दीड-दोन तास धरा, म्हणजे आठ-साडेआठला मुंबईत उतरायला हवं. गाडीला आठ तास आणि ती लेट व्हायला दोन. सकाळी दहाच्या आसपासची गाडी जळगाव किंवा भुसावळहून. नशिराबाद दोन्ही स्टेशनांच्या मधोमध असल्यानं जी गाडी सोयीची ती धरता येते, एवढं एक सुख. घरातून निघायचं सकाळी नऊला.

आता पुढचं मोजा. दुबईला उतरला तिथल्या ०३:१० ला, आपल्याकडं पहाटेचे ०४:४०. इमिग्रेशन, सामान, टॅक्सी किंवा कंपनीची बस धरून खोलीवर पोचेपर्यंत आपल्याकडचे साडेसहा. सकाळी नऊ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहा, एकूण साडेएकवीस तास. त्यातले विमानातले तीन. बाकीचे जमिनीवर, रांगेत आणि बाकड्यावर.

मुंबईत स्टेशन ते विमानतळ हा तुकडा आता थोडा सोपा झालाय. भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण सुरू झाली. सीएसएमटी किंवा दादरहून ती थेट टर्मिनल दोनच्या स्टेशनाला जाते. पण ती रात्रभर चालत नाही, उशिरा पोचणाऱ्यानं टॅक्सीचे पैसे खिशात ठेवावेत.

आणखी एक नवीन भानगड. मुंबईला आता दोन विमानतळ झालेत. जुना सहार-अंधेरीचा आणि दुसरा नवी मुंबईचा, जिथून डिसेंबर २०२५ मध्ये प्रवासी विमानं सुटायला लागली. दोघांत अंतर आहे, चुकीच्या ठिकाणी पोचलं तर वेळ गेली म्हणून समजा. तिकिटावर बीओएम अक्षरं असली तर जुना, एनएमआय असली तर नवी मुंबईचा. तिकडच्या टोकालाही तसंच आहे. लोक सरसकट "दुबई" म्हणतात, पण तिकीट शारजाचं असतं किंवा अबुधाबीचं. शारजा दुबईला लागूनच आहे, अबुधाबी मात्र सव्वाशे किलोमीटरहून जास्त लांब. घ्यायला येणाऱ्याला नाव नीट सांगायला हवं.

जळगावला विमानतळ असताना रेल्वे कशाला, असं तरुण पोरं विचारतात. कुसुंब्याच्या विमानतळाचं उद्घाटन २०१२ मध्ये त्या वेळच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते झालं. पण विमान यायचं, काही महिने चालायचं आणि बंद पडायचं. २०१७ ला एअर डेक्कन आलं, २०१९ ला ट्रूजेट आलं, दोन्ही थांबलं. २०२४ मध्ये अलायन्स एअरनं मुंबईची सेवा सुरू केली. मुंबई हवेतून साडेतीनशे किलोमीटर आहे, तास-सव्वा तासात माणूस पोचतो. पण दिवस आणि वेळा बदलत राहतात, दुबईच्या विमानाशी त्यांचा मेळ बसेलच असं नाही. दोन तिकिटं वेगवेगळी काढली असतील आणि जळगावचं विमान उशिरा आलं, तर पुढचं चुकल्याची जबाबदारी कुणी घेत नाही. एकाच तिकिटावर दोन्ही टप्पे असतील तर गोष्ट वेगळी.

सुरत आणि इंदूरहूनही आखाताकडं विमानं सुटत आली आहेत. आपल्याला सुरत ताप्ती लाईननं मुंबईपेक्षा जवळ. रोज नसतात, पण तिकीट काढताना पाहायला पैसे लागत नाहीत.

स्वस्त तिकिटाचंही एक आहे. दीड-दोन हजार वाचतात म्हणून एजंट "एक थांबा"वालं तिकीट देतो, मस्कत नाहीतर बहरीनमार्गे. मग तीन तासांचे दहा-बारा होतात. ज्याला वेळ आहे त्यानं खुशाल घ्यावं, पण घेताना माहीत असावं.

घरी यायची घाई असते तेव्हा

आता ओट्यावरच्या त्या प्रश्नाकडं.

समजा घरचं माणूस पहाटे गेलं आणि पाच वाजता दुबईला फोन गेला. तिथं साडेतीन वाजलेत. पोराला साहेबाची सुट्टी हवी, पासपोर्ट स्वतःजवळ हवा, तिकिटाचे पैसे हवेत. कुठल्याच देशातला कामगार हे पंधरा मिनिटांत करू शकत नाही. तरी सगळं जुळलं आणि तिथल्या सकाळी नऊचं विमान मिळालं असं धरू. आपल्याकडं साडेदहा. तीन तासांनी, दीडच्या पुढं मुंबई. इमिग्रेशन आणि सामानाला एक तास, अडीच वाजले. तिथून गाडी केली तर आठ तास. नशिराबादला रात्रीचे साडेदहा. एकही गोष्ट चुकली नाही तर, आणि वाटेत जेवायला न थांबता.

लक्षात ठेवायला सोपं गणित असं : दीड तास घड्याळाचा, तीन विमानाचे, एक विमानतळाचा, आठ रस्त्याचे. बेरीज साडेतेरा. पोरानं दुबईतली विमान सुटायची वेळ सांगितली की त्यात साडेतेरा तास मिळवायचे, जे येईल ते गावात पोचायचं आपलं घड्याळ. नऊला सुटलं तर रात्री साडेदहा. दुपारी दोनला सुटलं तर पहाटे साडेतीन. रात्री सव्वादहाला सुटलं तर दुसऱ्या दिवशी दुपारचे पावणेबारा. जेद्दाहून येणारा असेल तर अंतर साडेतीन हजार किलोमीटर, विमानाला पाचेक तास आणि घड्याळाचे अडीच, म्हणून साडेतेराऐवजी साडेसोळा धरा.

यातून एक गोष्ट उघड आहे. सकाळी गेलेल्या माणसाची अंत्ययात्रा त्याच दिवशी सूर्यास्ताच्या आत काढायची असेल, तर आखातातला मुलगा पोचू शकत नाही. जनाजा असरच्या नमाजनंतर ठरला असेल तरी तेच. आदल्या रात्री बातमी गेली आणि रात्रीचंच विमान मिळालं, तरच दुसऱ्या दिवशी दुपारी तो येतो. म्हणून थांबायचं की नाही, हा निर्णय "तीन तासात येतो" यावर घेऊ नये. थांबायचं असेल तर थंड पेटीची सोय सकाळीच करावी लागते, दुपारी चार वाजता धावपळ करून नाही. थांबायचं नसेल तर पोराला तसं फोनवर स्पष्ट सांगावं. तो मुंबईत उतरून रस्त्यात असताना मागं सगळं उरकलं, आणि ते त्याला दुसऱ्याच कुणाच्या स्टेटसवरून कळलं, असं व्हायला नको.

विचारायचं एवढंच : तिकीट निघालं का, आणि विमान तिथल्या किती वाजता सुटतं. "निघतोय" या शब्दावर जाऊ नये. खोलीवरून निघालेलाही निघतोय म्हणतो आणि विमानतळावर तिकीट शोधत बसलेलाही. तिकिटाचा फोटो मागवावा. त्यावर विमानाचा नंबर असतो, तो मोबाईलवर टाकला की विमान सुटलं का, कुठवर आलं, हे गावात बसून दिसतं. घरातल्या एका शिकलेल्या पोराकडं हे काम द्यावं आणि बाकीच्यांनी त्याला दर पाच मिनिटांनी विचारू नये.

याच्या उलट प्रसंग आणखी अवघड. तिकडं कामावरच कुणाचा मृत्यू झाला तर मृतदेह आणायला विमानाचे तीन तास मोजूच नयेत. तिथलं मृत्यूचं प्रमाणपत्र, पोलिसांची परवानगी, भारतीय वकिलातीत पासपोर्ट रद्द करून मिळणारा दाखला, देह टिकवण्यासाठी केलेल्या प्रक्रियेचं प्रमाणपत्र आणि मग विमानाच्या मालवाहतुकीत जागा, हे सगळं एकामागून एक होतं आणि त्याला दिवस जातात. अपघात किंवा संशयाचं प्रकरण असेल तर आणखी. दुबईसाठी हे काम तिथला भारतीय वाणिज्य दूतावास पाहतो, अबुधाबीत राजदूतावास. घरच्यांनी मयताच्या पासपोर्टची आणि व्हिसाची झेरॉक्स शोधून ठेवली तर तिकडं धावपळ करणाऱ्या मित्रांचा वेळ वाचतो. ही झेरॉक्स जाणाऱ्यानं निघायच्या आदल्या दिवशीच घरी ठेवून जायला हवी. बऱ्याच घरांत ती नसते, असते ती फक्त पोराच्या मोबाईलमध्ये.